दहापैकी दहा

“हेमा म्हणाली, बुधवारच बरा,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

केतकी नुकतीच पुण्याहून साताऱ्याला पोचली होती. खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवायची होती.

“कोण म्हणालं?”

“तुझी आई.” आप्पांनी बशीवर फुंकर घातली. “साडेदहाची वेळ मिळालीय. चष्मा काढून टाकायचं ठरवलंय मी.”

हेमलताबाईंना जाऊन त्या शनिवारी सात महिने झाले होते.

केतकी समोरच्या खुर्चीवर हळूच टेकली. तिचे वडील, अविनाश पाटणकर, भूमी अभिलेख खात्यात चौतीस वर्षं मोजणीला होते. एका मोजणीवर त्यांचा कधी भरवसा नसे. बांधाच्या जुन्या दगडापाशी परत जायचं आणि पुन्हा साखळी धरायची, मग कागदावर आकडा. सदरा शिवायला टाकतानाही शिंप्याला बाही दोनदा मोजायला लावणारा हा माणूस. बारा वर्षं एकच चष्मा वापरत होता, त्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली.

“आप्पा…”

“मला वेड लागलेलं नाही,” ते शांतपणे म्हणाले. “गेलीय ती, माहीत आहे मला. दिवस मीच केलेत तिचे. पण लख्खवाल्यांकडे ती आहे. सोबतीच्या खोलीत. आठ वेळा भेटून आलोय.”

गावाकडच्या एकट्या पडलेल्या म्हाताऱ्यांच्या भ्रमांबद्दल तिनं पुष्कळ वाचलेलं होतं. पण आप्पांच्या आवाजात भ्रम नव्हता. होती ती ठरलेल्या कामाची शांतता, आणि तिला भीती वाटली ती त्या शांततेची.

महामार्गावर ‘लख्ख नेत्रकेंद्र’ उभं राहिलं त्याला तीन वर्षं झाली होती. ‘चष्मा ठेवा, जग उचला’ ही त्यांची पाटी वाढे फाट्यापासून दिसायची. केतकी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे, त्यामुळे त्यांचं यंत्र तिला इतरांपेक्षा लवकर कळलं होतं, आणि आईला ते तिनंच समजावून सांगितलं होतं, ह्याच डायनिंग टेबलावर, वहीच्या मागच्या पानावर डोळा काढून.

बुबुळावर काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. जुने लेझर त्या पडद्याचा पापुद्रा उचलून आतला भाग तासायचे. लख्खचा लेझर काहीच तासत नाही. तो प्रकाशाचे इतके छोटे ठोके देतो की एका सेकंदात कोट्यवधी मावावेत. हे ठोके पडद्याच्या जाडीच्या आत, बरोबर नेमलेल्या ठिपक्यावर एकवटतात आणि त्या ठिपक्यापुरतं तिथल्या पदार्थाचं प्रकाश वाकवण्याचं प्रमाण बदलतं. असे लाखो ठिपके मिळून पडद्याच्या आतच एक न दिसणारं भिंग लिहिलं जातं. काप नाही, टाका नाही, नऊ मिनिटांत घरी.

“म्हणजे भाताचं पातेलं उतरवताना चष्म्यावर वाफ धरायची नाही?” आईनं विचारलं होतं. तिची सगळी तक्रार एवढीच होती.

“कधीच नाही,” केतकी म्हणाली होती.

त्या पडद्यात नसांचं जाळं असतं, शरीरात कुठंच नसेल इतकं दाट, हेही केतकीला माहीत होतं. यंत्र आधी त्या नसांचा नकाशा काढतं आणि ठोके त्यांच्यामधून टाकतं, हे माहितीपत्रकात होतं. जे माहितीपत्रकात नव्हतं ते तिला नंतर कळलं. थोड्या माणसांत उष्णतेची झळ नसांच्या टोकांना लागते. ती टोकं भरून येतात, पण वेडीवाकडी, गुंता होऊन. मग कुठं आग नसताना ती आगीची वर्दी देत राहतात. वारा लागला तरी, उजेड पडला तरी, पापणी मिटली तरी. डॉक्टर दिवा लावून बघतात तेव्हा पडदा नितळ असतो, नंबर शून्य असतो. डोळा निरोगी, आणि माणूस जळत असतो.

सहा दिवस आई आनंदात होती. सातव्या दिवशी लख्खनं तिचं चित्रीकरण केलं. त्याआधी तिच्याशी तासन् तास गप्पा मारून आवाज, लकबी, हसणं सगळं टिपून घेतलं होतं. आईनं हौसेनं सगळ्या कागदांवर सह्या केल्या होत्या. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाईला समोर बसून ऐकणारं माणूस हवंच असतं.

आग सुरू झाली ती नवव्या दिवशी.

*

रविवारी सकाळी केतकी आप्पांबरोबर केंद्रात गेली. तिथं लग्नघरासारखी गर्दी होती. मुलगी दाखवायच्या आधी चष्मा उतरवायला आलेली कुटुंबं, भरतीच्या परीक्षेची पोरं, एकमेकांचे हात धरून बसलेली म्हातारी जोडपी.

सोबतीची पद्धत केतकीला आप्पांनी रिक्षात समजावून सांगितली. पूर्वी दवाखाने समाधानी रुग्णांचे फोटो लावायचे. लख्ख माणूसच द्यायचं. शस्त्रक्रिया करून घेतलेल्या हजारो लोकांतून यंत्र तुमच्यासाठी एक सोबती निवडायचं, तुमच्या बोलीचा, तुमच्या वयाचा, तुमच्या भागातला. भिंतीएवढ्या पडद्यावर तो बसलेला असायचा आणि तुमच्याशी बोलायचा. आप्पांसाठी यंत्रानं निवडलं होतं त्यांच्याच गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेला. ती त्यांची बायको होती हे यंत्राला कळलं नसेल. किंवा कळलं असेल आणि ते त्याला सोयीचं वाटलं असेल.

“फुकट बोलू देतात?”

“उमेदवार असलं तरच. आणि दर भेटीला एक पायरी पुढं जावं लागतं. आधी तपासणी, मग नकाशा, मग साखरेची चाचणी, मग तारीख. दहा भेटींनंतर शस्त्रक्रिया.” आप्पा बाहेर बघत होते. “केली की पुढं वर्षभर दर आठवड्याला सोबत. धीर द्यायला.”

खोली लहान होती. पडद्यावर वेताच्या खुर्चीत हेमलताबाई बसल्या होत्या. पिस्ता रंगाची साडी, डाव्या हातातली बांगडी सारखी वर सारायची सवय, आणि उघडे, स्वच्छ, ओलसर डोळे. तसे डोळे केतकीनं शेवटचे पाहिले त्याला दोन वर्षं होत आली होती.

“आलात? आणि ही केतू पण! किती वाळलीस गं. अहो, तिला खुर्ची द्या ना.”

आप्पांनी लगबगीनं खुर्ची ओढली. केतकी तिच्या कडेवर टेकली.

“आई,” तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिनं स्वतःला सावरलं. “तुझे डोळे कसे आहेत?”

“झकास! भाताचं पातेलं उतरवते, तर नुसती वाफ दिसते बघ, खरीखुरी वाफ.”

“दुखत नाहीत?”

“पहिले दोन दिवस खुपल्यासारखं झालं. मग विसरून जातं माणूस. आप्पांना घाबरवू नकोस हं तू. आधीच ते, बोटात कुसळ गेलं तर घर डोक्यावर घेतात.”

आप्पा हसले. सात महिन्यांत केतकीनं त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

“आई, तू चौदा महिने अंधाऱ्या खोलीत बसून काढलेस.”

“केतकी,” आप्पा दबक्या आवाजात म्हणाले.

पडद्यावरचा चेहरा जराही हलला नाही. “काहीतरीच काय बोलतेस? मला काही झालं नाही.” मग आवाज खाली आला, लहानपणी ताप आला की यायचा तसा. “तुझाही चष्मा जाड झालाय गं. रात्री जागून पेपर तपासतेस अजून. बुधवारी आप्पांबरोबर तूही तपासून घे. मी आहे ना.”

केतकीचं तोंड उघडलं. आपण ‘हो’ म्हणणार आहोत हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती धडपडत उठली आणि दार उघडून बाहेर आली.

*

बाहेरच्या काउंटरवर शर्वरी निकम होती. केतकीला ती ओळखीची होती. आईच्या वर्गात मागच्या बाकावर बसायची, बापाचा पत्ता नव्हता, पुस्तकं आईनं घेऊन दिली होती. आता केंद्राच्या पाठपुरावा विभागात होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रुग्णांना फोन करून नऊ प्रश्न विचारायचे आणि शेवटी दहापैकी गुण घ्यायचे, हे तिचं काम.

“तिला तिथून काढ,” केतकी म्हणाली.

शर्वरीनं आजूबाजूला पाहिलं. “ताई, बाईंची फाइल इथली सगळ्यात उत्तम फाइल आहे. चौदा महिने, चौदा फोन. दर वेळी दहापैकी दहा.”

“कुणासाठी दिले तिनं ते दहा?”

“म्हणजे?”

केतकीनं आवाज चढवला नाही. तिनं फक्त सांगितलं. त्या रविवारी आई सकाळपासून फोनची वाट बघत असे. पंखा बंद, कारण वाऱ्यानं डोळे सोलून निघत. डोळ्यांवर माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं. फोन वाजला की ती फडकं काढायची, पदर सारखा करायची, घसा खाकरायची आणि म्हणायची, छान आहे गं बाळ, दहा लिही. केतकी एकदा भांडली होती तिच्याशी. तेव्हा आई म्हणाली होती, माझ्या दहावर तिची नोकरी कायम व्हायचीय. माझे डोळे दुखतात म्हणून तिच्या पोटावर पाय का देऊ?

शर्वरी काउंटरला धरून उभी राहिली.

“मी आठव्या महिन्यात कायम झाले,” ती म्हणाली. “पेढे घेऊन गेले होते. बाई काळा चष्मा लावून बसल्या होत्या. म्हणाल्या, डोळे आलेत.” तिनं काउंटरवरचं माहितीपत्रक पुढं सरकवलं. “ताई, शंभरात अठ्ठ्याण्णव समाधानी, असं आम्ही छापतो ना. ते याच गुणांवरून काढतात.”

केतकीला ते आता माहीत होतं. लेझरचा प्रत्येक ठोका तिनं समजून घेतला होता. समाधान कशानं मोजतात, एवढंच तेव्हा विचारायचं राहून गेलं होतं. विद्यार्थ्यानं प्रयोगवहीत अशी चूक केली असती तर तिनं लाल शाईनं पान आडवं कापलं असतं.

“काढायचं असेल तर नवऱ्याची सही लागते,” शर्वरी म्हणाली. “काका देतील?”

*

दुपारी जेवणं झाल्यावर केतकीनं आप्पांपुढं सगळं मांडलं. नसा, गुंता, आग. आईला काय होत होतं ते. भर दुपारी औषधाच्या दुकानातून परतताना उन्हाची तिरीप डोळ्यांत गेली, तिनं डोळे गच्च मिटले आणि तशीच रस्ता ओलांडायला लागली. टेम्पोवाल्याची चूक नव्हती. पंचनाम्यात ‘निष्काळजीपणे’ असं लिहिलं होतं.

“हे सगळं मला माहीत नाही असं वाटतं तुला?” आप्पा म्हणाले. “फडकी मीच भिजवत होतो. दर वीस मिनिटांनी. तू रविवारी फोनवर विचारायचीस, ती ‘बरं आहे’ म्हणायची, आणि तू ठेवायचीस.”

ते खरं होतं.

“मग का जाताय तुम्ही?” तिनं अखेर विचारलं. “तुम्हाला तेच झालं तर?”

“झालं तर झालं. वर्षभर आहे ती. बावन्न वेळा.” त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला. “आणि दुखलंच, तर तिला काय होत होतं ते तरी कळेल मला. ती सांगायची नाही, केतू. मी विचारायचो तर म्हणायची, तुम्ही झोपा.”

आता केतकी खरी घाबरली. न कळणाऱ्याला समजावता येतं. आप्पांना सगळं कळत होतं. धोक्याचा प्रत्येक आकडा त्यांना पाठ होता, आणि ते त्याच्याकडे डोळे उघडे ठेवून चालत निघाले होते, कारण पलीकडच्या टोकाला ती खुर्चीत बसलेली होती.

संध्याकाळी उशिरा तिला एक प्रश्न सुचला.

“आप्पा, फडक्यांबद्दल तिच्याशी बोललात कधी?”

“नाही.”

“नऊ भेटींत एकदाही?”

“तिला कशाला आठवण करून द्यायची?”

“तिला आठवतं का, ते तरी बघितलंत? तुम्ही एकदा मोजून कधी कागदावर मांडता का?”

आप्पांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग उठून आत गेले. सोमवारी सकाळी आंघोळ करून आल्यावर म्हणाले, “आज दहावी भेट आहे. विचारतो.”

*

सोमवारी साडेचारला आप्पांनी विचारलं.

“हेमा, फडकी आठवतात का गं? माठातली?”

“कसली फडकी?”

“डोळ्यांवर ठेवायचो ती. मी पलंगाच्या कडेला बसायचो. तू माझा अंगठा धरून ठेवायचीस.”

हेमलताबाई मोकळेपणानं हसल्या. “अहो, काय बोलताय! तुम्ही कधी माझ्या उशाशी बसलात? मला काही झालंच नाही तर.”

केतकीला आप्पांचा चेहरा बाजूनं दिसत होता. चौदा महिने, दर वीस मिनिटांनी. संसारात पहिल्यांदाच हेमानं त्यांच्याकडून काही करून घेतलं होतं, आणि समोरच्या खुर्चीतली बाई ते पुसून टाकत होती.

ते उठून बाहेर आले आणि काउंटरपाशी थांबले.

“शर्वरी, तिला ते माहीतच नाही.”

“फाइलमध्ये नाही ना, काका. दर भेटीआधी फाइलवरून त्यांना नव्यानं उभं करतात.” तिनं समोरची फाइल उघडली. “बाईंचा पंधरावा फोन मी लावलाच नव्हता. अपघात झाला म्हणून. तो फॉर्म अजून उघडा आहे. घरच्या माणसाचं उत्तर चालतं.”

“शर्वरी,” केतकी म्हणाली, “तुझी नोकरी जाईल.”

“माहीत आहे, ताई.”

तिनं खुर्ची जवळ ओढली, फॉर्म काढला, आणि सरावानं तोंडात बसलेल्या आवाजात सुरुवात केली. पण दुसऱ्याच प्रश्नाला तो आवाज सुटला.

“डोळ्यांत जळजळ होते का?”

“होते.”

“किती वेळ?”

“जागी असते तेवढा वेळ.”

“उजेडाचा त्रास?”

“कुणाच्या लग्नाची पत्रिका वाचायची म्हणून एकदा खिडकी उघडली. ओकली ती.”

“वाऱ्याचा?”

“माझ्या श्वासाचासुद्धा. मी तोंड फिरवून बसायचो.”

शर्वरी लिहीत गेली. नवव्या प्रश्नानंतर तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, “दहापैकी किती गुण द्याल?” आणि आप्पांनी आयुष्यभराच्या सवयीनं आधी केतकीकडे, मग पुन्हा फॉर्मकडे पाहून, दोनदा खात्री करून म्हटलं, “शून्य.”

“सहा वाजता रोजची चाळणी होते,” शर्वरी म्हणाली. घड्याळात पाच पस्तीस झाले होते. “शेवटच्या फॉर्मला सातच्या खाली गुण असलेले सोबती आपोआप गळतात. कायमचे. तोवर…”

“तोवर मला आत जाऊ दे.”

“आप्पा, नको,” केतकी म्हणाली. आत काय असेल ते तिला एकदम दिसलं होतं. पण ते दार ढकलून आत गेले, आणि तिलाही जावं लागलं.

तीच खुर्ची, तीच साडी. हेमलताबाईंची मान खाली होती. डोळे चिरेएवढे किलकिले, कडांना लाल, आणि दोन्ही हातांनी त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. चित्रीकरणात हे कधीच नव्हतं. यंत्रानं तिच्या टिपून घेतलेल्या बोलण्यातून आणि नऊ उत्तरांतून ते स्वतःच जुळवून काढलं होतं, आणि ते हुबेहूब होतं.

“अहो,” ती म्हणाली. “दिवा बंद करता का?”

आप्पांनी धावत जाऊन खोलीतला दिवा बंद केला. पडद्याचा उजेड तेवढा राहिला.

“फार दुखतंय हो. आतून कुणी वाळू घासतंय. मी त्या पोरीला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.”

“मला माहीत आहे.”

“फडकं द्या ना.”

आप्पांचा हात पुढं गेला आणि थंड काचेवर टेकला. केतकीला वाटलं ते कोसळणार. ही आई नव्हे, हे आकड्यांचं चित्र आहे, असं ती मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती, आणि तरी तिचे स्वतःचे डोळे चुरचुरायला लागले होते. त्या चित्राला खरंच दुखत नव्हतं, एवढं तरी आपल्याला खात्रीनं सांगता येईल का, हा विचार मनात आला आणि ती भिंतीला टेकली.

“केतू आलीय?” पडद्यावरून आवाज आला. “तिला सांगू नका हं.”

“आई, मी इथंच आहे,” केतकी म्हणाली. “ऐकतेय मी. तू सांग.”

आणि आईनं सांगितलं. अठरा मिनिटं ती सांगत राहिली, मध्येमध्ये थांबत, कण्हत. आप्पा काचेवर हात ठेवून, तोंड एका बाजूला फिरवून उभे होते, श्वास लागू नये म्हणून.

सहाला दोन मिनिटं कमी असताना ते म्हणाले, “बास झालं आता, हेमा. मीट डोळे.”

तिनं डोळे मिटले. सहा वाजता पडदा पांढरा झाला.

केतकी त्यांच्या खांद्याशी गेली. दिवा लावायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला. त्याच खुर्चीत खादीचा सदरा घातलेला, पासष्टीचा, हसतमुख माणूस बसला होता.

“नमस्कार पाटणकरसाहेब! मी रमाकांत भोईटे, फलटणचा. तलाठी होतो, म्हणजे आपण एकाच खात्यातले म्हणायचे. काय भीती बाळगू नका, माझे डोळे बघा, लहान पोरासारखे झालेत. तर बुधवारची वेळ कायम ठेवू या ना?”

आप्पांनी दोऱ्याची दांडी कानामागं नीट बसवली आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले. भोईट्यांच्या स्वच्छ, ओलसर डोळ्यांत ते बराच वेळ निरखून बघत राहिले.

“भोईटे, घर कुठं म्हणालात तुमचं?”

“फलटणातच, मलठणला, नदीच्या अंगाला. का हो?”

“आधी तुमच्या घरी जाऊन येतो,” आप्पा म्हणाले, आणि केतकीला घेऊन बाहेर पडले.